हुकूम निघाला, पुढे काय?

तुम्ही कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर उभे आहात. पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे दिवस. समोर चहाचं दुकान, पाटीवर नाव ‘सत्यसुधारक’. मालक गंगाराम कांबळे. कपबशा घासूनपुसून लखलखीत मांडल्यात, दूध तापलंय, पण बाकडी रिकामी. येणारे-जाणारे पाटी वाचतात, मालकाची जात आठवतात आणि पाय उचलतात.

तेवढ्यात घोड्यांच्या टापा वाजतात. शाहू महाराजांची गाडी दुकानासमोर थांबते. महाराज गंगारामकडून चहा मागवतात, स्वतः घेतात आणि सोबतच्यांनाही देववतात. बरोबरची मंडळी उच्चवर्णीय आहेत. त्यांच्या तोंडाकडे जरा बघा. धन्यानं पुढे केलेला कप परत कसा करायचा? एकेक जण बशीत चहा ओततो आणि ओठाला लावतो. तुमच्याही हातात कप येतो.

पण महाराजांची गाडी गावोगावच्या प्रत्येक विहिरीवर थोडीच थांबणार? म्हणून 1919 साली हुकूम निघतात : सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इथे विटाळ मानायचा नाही. मानला तर जबाबदारी गावकामगारांची, म्हणजे पाटील-तलाठ्यांची.

आता महाराजांच्या करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या कुठल्याही खेड्यात चला. उन्हाचा कडाका आहे. रिकामी घागर घेऊन एक बाई विहिरीपासून लांब उभी आहे, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. कायदा तिच्या बाजूचा आहे. पण तक्रार करायची कुणाकडे? पाटलाकडे. आणि पाटलाविरुद्ध? उद्या काम बंद, वाण्याची उधारी बंद, रस्ता बंद. एकट्या घरानं तोंड उघडलं की अख्खं गाव त्या घरावर उलटतं. हुकूम कितीही चांगला असला तरी तो बजावून घ्यायला माणसांची फळी लागते, असं मला ठामपणे वाटतं.

ती फळी बघायची तर 21 मार्च 1920 रोजी याच संस्थानातल्या माणगावला या. दक्षिण महाराष्ट्रातल्या बहिष्कृत वर्गाची दोन दिवसांची परिषद आहे. अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर, वय 28. त्यांचं ‘मूकनायक’ सुरू होऊन दोन महिनेही झालेले नाहीत. तुम्ही गर्दीत दाटीवाटीनं बसता. महाराज स्वतः परिषदेला येतात आणि लोकांना सांगतात की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे. मग ठराव वाचले जातात. रस्ते, विहिरी, तळी, शाळा, धर्मशाळा वापरण्याचा हक्क प्रत्येक माणसाचा आहे, हा त्यांतला गाभा. तुमच्या शेजारचा माणूस मान ताठ करून ऐकतोय. गावात जी गोष्ट तो कुजबुजतही नव्हता, ती इथे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं वाचली जातेय. तक्रार आता त्याच्या एकट्याची राहिलेली नाही.

आता परत आपल्या काळात या. अस्पृश्यता संविधानाच्या 17 व्या कलमानं संपवली. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तरी पोलीस ठाण्याच्या पायरीवर एकट्या माणसाचे पाय आजही अडखळतात. तिथेच संघटना उपयोगी पडतात. घडलेलं तारीखवार लिहून घेणं, फिर्याद नोंदवून घ्यायला लावणं, तिची प्रत मिळवणं, साक्षीदार फुटू नयेत म्हणून त्यांच्या मागे उभं राहणं, वकील देणं, मदतीच्या रकमेसाठी पाठपुरावा करणं. यातलं एकही काम पेपरात छापून येण्यासारखं नाही, आणि खटला टिकतो तो याच कामांवर.

तुमच्यावर किंवा शेजाऱ्यावर अशी वेळ आली, तर एकट्यानं जाऊ नका. 1989 च्या कायद्यात दुरुस्तीनं आलेल्या 15-अ कलमानुसार स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेणं हा पीडितांचा हक्क आहे. जातीय अत्याचाराविरुद्धच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 14566 आहे.