मोजणारा आणि मोजला जाणारा

सामाजिक शास्त्रांतील संशोधन मूल्यनिरपेक्ष असावे, असे वारंवार सांगितले जाते. या विधानाचा अर्थ नीट तपासून पाहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते. जातिसंस्थेच्या अभ्यासाचा इतिहास त्यासाठी बोधप्रद आहे.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींचा वंश ठरविण्याचा प्रयत्न केला. नाकाच्या रुंदीला १०० ने गुणून उंचीने भागले असता येणारा अंक म्हणजे नासिका-निर्देशांक. जातीचा सामाजिक दर्जा जसजसा उतरतो, तसतसा हा अंक चढतो, असा त्यांचा सिद्धांत होता. त्याच जनगणनेत सामाजिक श्रेष्ठतेनुसार जातींचा क्रमही लावण्यात आला. गणित काटेकोर होते. पण उच्चनीचतेचे मूळ वंशात आहे, हे गृहीतक त्या गणिताच्या आड उभे होते. ज्यांची मापे घेतली, ती माणसे मात्र केवळ नमुने ठरली.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या गृहीतकावरच बोट ठेवले. युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णविद्वेषाने प्रभावित असल्यामुळे जातीच्या मुळाशी त्यांना वर्णच दिसला, असे त्यांनी दाखवून दिले. ज्या समाजाला आजवर अभ्यासविषय मानले गेले, त्यातीलच एक अभ्यासक आता अभ्यासकांची परीक्षा घेत होता.

पुढे १९३२ मध्ये गो. स. घुर्ये यांनी मापांची फेरतपासणी केली आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर रिस्ले यांचा नियम टिकत नाही, असे मांडले. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्ये यांनी दिलेली मापेच पुराव्यादाखल घेतली. शरीरमापन हे विश्वसनीय शास्त्र मानावयाचे, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हा त्यांचा निष्कर्ष होय.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. अस्पृश्यतेच्या उगमाचा प्रश्न बाबासाहेबांच्या जिव्हाळ्याचा होता. तरीही आपला सिद्धांत हा अखेरचा शब्द नव्हे, असे सांगून त्यांनी तो टीकाकारांपुढे ठेवला. न्यायाची बाजू घेणे आणि पुराव्याशी प्रामाणिक राहणे यांत विरोध नाही, हे त्यातून सिद्ध होते.

म्हणूनच वस्तीत प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आपले गृहीतक आधी उघड करावे, समोरच्या माणसाची संमती घ्यावी आणि आपला निष्कर्ष त्यालाही खोडता येईल, अशी वाट मोकळी ठेवावी. एवढे न करता जी तटस्थता सांगितली जाते, ती प्रस्थापितांचीच पाठराखण ठरते.