टिंकल (नियतकालिक)

टिंकल : मुंबईहून प्रसिद्ध होणारे मुलांचे इंग्रजी चित्रकथा-नियतकालिक. पहिला अंक एप्रिल 1980 मध्ये निघाला. संस्थापक-संपादक अनंत पै (1929–2011), मूळ प्रकाशक इंडिया बुक हाउस. भाषा इंग्रजी असली तरी त्याचा चेहरामोहरा घडवला तो बव्हंशी मराठी चित्रकारांनी. मराठी चित्रकलेच्या इतिहासात या मंडळींना मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

पार्श्वभूमी : टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 1964 मध्ये मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. वेताळ या नायकाच्या परदेशी कथा त्यातून इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत घरोघरी पोहोचल्या. त्या कामात पै यांचा हात होता. पुढे 1967 मध्ये ते ‘अमर चित्र कथा’कडे वळले. तिथे प्रत्येक पुस्तकात एकच देव, राजा किंवा संत असे. हसायला, कोडी सोडवायला, विज्ञान वाचायला जागा नव्हती. मुलांसाठी चित्रकथांचे मासिक काढावे, ही सूचना त्यांचे सहकारी सुब्बा राव यांची. नावही एका बैठकीत त्यांनाच आलेल्या फोनवरून सुचले, असे सांगितले जाते.

चित्रकार : राम वाईरकर यांनी ‘अमर चित्र कथे’साठी ‘कृष्ण’ रेखाटले होते. त्याच हाताने पुढे सुपंडी हा भाबडा नोकर काढला, आणि हा पल्ला थक्क करणारा आहे. कृष्णाच्या चित्रांत रेषा सौम्य, डौलदार; सुपंडीत तीच रेषा ताणलेली, मोकळी, डोक्याच्या विचित्र आकारासकट. वसंत हळबे यांचा शिकारी शंभू 1983 पासून अंकात येऊ लागला. टोपी थेट डोळ्यांवर ओढलेली असल्याने त्याचे डोळे कधी दिसतच नाहीत. भीती, थाप, सुटकेचा निःश्वास हे सगळे हळबे नाक, मिशा आणि शरीराच्या ठेवणीतून दाखवतात. व्यंगचित्र शिकणाऱ्याने ही पाने समोर ठेवून अभ्यास करावा, इतकी ती नेमकी आहेत. प्रदीप साठे यांनी ‘कालिया’ हा चतुर कावळा, चमाटका कोल्हा आणि डूबडूब मगर यांचे रान उभे केले. राजा हूजाची गादी बळकावण्यासाठी कट रचणारा आणि दर वेळी स्वतःच त्यात अडकणारा ‘तंत्री द मंत्री’ रेखाटला अशोक डोंगरे यांनी. या कथांचा साचा फ्रेंच चित्रकथा ‘इझ्नोगूड’शी जुळतो. यांतील अनेक पात्रांमागे लेखक-संपादक लुईस फर्नांडिस यांची कल्पना होती. मार्जी शास्त्री यांच्या ‘अनू क्लब’ने विज्ञान गोष्टीरूपात आणले.

वाचकांचा वाटा : सुपंडी संपादकीय टेबलावर जन्मला नाही. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने तमिळ लोककथांतल्या भाबड्या नोकराच्या गोष्टी पाठवल्या. त्या 1983 मध्ये छापल्या गेल्या आणि मुलांनी अशा आणखी गोष्टींची मागणी केली. पुढे देशभरातून येणाऱ्या गोष्टींतून ही मालिका वाढत गेली. गोष्ट पाठवणाऱ्याचे नाव अंकात छापले जाई. लहान गावातल्या मुलाला आपले नाव इंग्रजी मासिकात दिसणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पै स्वतः ‘अंकल पै’ या नावाने वाचकांशी पत्रसंवाद करीत.

वाचकांच्या या सहभागाची जपानी मांगा-साप्ताहिकांशी (चित्रकथांच्या साप्ताहिकांशी) तुलना करता येते. ‘शोनेन जंप’ 1968 मध्ये निघाले आणि 1990च्या दशकाच्या मध्याला त्याचा खप 65 लाखांवर गेला. तिथेही वाचकांच्या पोस्टकार्डांना वजन होते, पण ते कौलासाठी : कोणती मालिका चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे त्यावरून ठरे. ‘टिंकल’च्या वाचकाने मत देण्यापेक्षा मजकूरच दिला. म्हणूनच इथे वर्षानुवर्षे चालणारी क्रमशः कथा मुख्य ठरली नाही. दोन-चार पानांत संपणारी, कोणत्याही अंकातून उचलून वाचता येणारी गोष्ट हाच कणा राहिला. जुना अंक दहा हातांतून फिरला तरी शिळा होत नसे, याचे कारण हेच.

नंतरचा काळ : 2007 मध्ये ‘अमर चित्र कथे’सह ‘टिंकल’ एसीके मीडियाकडे गेले. 2011 मध्ये फ्यूचर समूहाने त्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. त्याच वर्षी 24 फेब्रुवारीला पै यांचे निधन झाले. वाईरकर 2003 मध्ये गेल्यानंतर सुपंडीची रेषा त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी पुढे चालवली, तर शंभू सॅव्हिओ मस्कारेन्हास यांच्याकडे आला. शिकाऱ्याचा हळूहळू वन्यजीवांचा राखणदार झाला. हा बदल योग्यच होता. अभिजीत किणी यांच्या ‘डिफेक्टिव्ह डिटेक्टिव्ज’मध्ये नव्या पिढीची ठसठशीत, वेगवान शैली दिसते. ‘विंगस्टार’ या मालिकेची नायिका मिझोरामची शाळकरी मुलगी आहे. पहिल्या दशकांत मध्यवर्ती पात्रे जवळजवळ सगळी पुरुष होती, हा या मासिकाचा ठळक उणेपणा. तो भरून काढायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

दरम्यान स्पर्धेचे स्वरूप पालटले आहे. ‘शोनेन जंप’ची छापील इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत 2002 च्या अखेरीस सुरू होऊन 2012 मध्ये थांबली. डिसेंबर 2018 पासून मात्र ‘शोनेन जंप’ची डिजिटल सेवा भारतातही मिळते, आणि जपानमध्ये प्रसिद्ध होणारे नवे प्रकरण त्याच दिवशी इंग्रजीतून मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवर येते.