डेटन गावचा खटला



इतिहासाच्या पुस्तकात राजे, लढाया आणि तह यांना भरपूर जागा मिळते. एखाद्या शाळामास्तराला मात्र सहसा मिळत नाही. आज ज्या मास्तरांची हकीकत मी आपणांसमोर ठेवीत आहे, त्यांचे नाव जॉन स्कोप्स. सन १९२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील टेनेसी राज्यात, डेटन नावाच्या लहानशा गावी, या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर खटला चालला. त्यांचा अपराध एवढाच की, सरकारनेच मंजूर केलेल्या पाठ्यपुस्तकातून त्यांनी उत्क्रांतीचा धडा शिकवला.

हे कसे घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळींवरून हिशेब मांडून जगाची निर्मिती इ. स. पू. ४००४ मध्ये झाली असे ठरवले. पुढे हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले आणि कित्येक भाविकांना ते मूळ ग्रंथातलेच वाटू लागले. भूगर्भशास्त्राचा अभ्यास वाढला, तेव्हा पृथ्वी याहून कितीतरी जुनी असल्याचे दिसून आले. त्यातच १८५९ साली चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथे आपली एक समजूत दुरुस्त करून घ्यावी. धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, असा हा सरळ सामना नव्हता. भांडण ख्रिस्ती लोकांच्या घरातलेच होते. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांनीच हिरिरीने मांडली. ईश्वराने सृष्टी उत्क्रांतीच्या मार्गाने घडवली असेल, तर त्याचे मोठेपण कमी कसे होते, असे या पक्षाचे म्हणणे. उलट पक्षाला वाटे की, ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायातील एक शब्द जरी सैल केला, तरी उद्या सारा ग्रंथच सैल होईल. १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाची पुस्तिकामाला बारा भागांत निघाली. ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द पुढे त्यावरूनच रूढ झाला. गंमत अशी की, त्या मालेतल्याही सर्वच लेखकांनी उत्क्रांती पूर्णपणे नाकारली नव्हती.

या दुसऱ्या पक्षाचे पुढारी होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीन वेळा अध्यक्षपदाचे उमेदवार, एकदा परराष्ट्रमंत्री, आणि शेतकरी-कष्टकऱ्यांचे कैवारी. त्यांना निव्वळ अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. बलवानाने दुर्बलाला चिरडावे हा निसर्गनियमच आहे, अशी शिकवण या सिद्धांतातून निघते आणि पहिले महायुद्ध हे तिचेच फळ, अशी त्यांची भीती होती. ती भीती अगदीच निराधार नव्हती, असे मला वाटते. स्कोप्स यांच्या वर्गातले हंटर यांचे ‘सिव्हिक बायॉलॉजी’ हे पुस्तक पाहा. त्यात मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना सर्वांत वर बसवले आहे. हे विज्ञान नव्हते. त्या काळचा गर्व विज्ञानाचा अंगरखा घालून आला होता.

मार्च १९२५ मध्ये टेनेसीत कायदा झाला. बायबलमध्ये सांगितलेली मानवाची निर्मिती नाकारून, तो खालच्या प्राण्यांपासून झाला असे सरकारी शाळेत शिकवल्यास शंभर ते पाचशे डॉलर दंड! अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने जाहीर केले की, कायद्याची परीक्षा घेण्यास जो शिक्षक तयार होईल त्याचा खर्च आम्ही करू. डेटनच्या काही प्रतिष्ठितांनी औषधांच्या दुकानात बसून विचार केला की, खटला आपल्याच गावी झाला तर गावाचे नाव होईल. दुकानाचे मालक शाळा मंडळाचे अध्यक्षही होते, आणि ते पाठ्यपुस्तक त्यांच्याच दुकानात विकले जाई! स्कोप्स यांना तिथेच बोलावून घेतले. ते फुटबॉलचे प्रशिक्षक. जीवशास्त्राचे तास त्यांनी बदली म्हणून घेतले होते. उत्क्रांतीचा धडा आपण खरोखर शिकवला का, हेही त्यांना नीट आठवत नव्हते. तरी ते तयार झाले.

गावात जत्रा भरली. शिकागोच्या रेडिओ केंद्राने कामकाज थेट ऐकवले. आरोपीचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी शास्त्रज्ञ साक्षीदार आणले होते, त्यांपैकी कित्येक चर्चला जाणारे होते. प्राणिशास्त्रज्ञ मेटकाफ तर चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेत. पण न्यायमूर्तींनी ज्यूरीला त्यांचे म्हणणे ऐकू दिले नाही.

तेव्हा २० जुलैला डॅरो यांनी ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. उन्हाळा कडक आणि गर्दी अफाट, म्हणून कोर्ट बाहेर हिरवळीवर भरले होते. योना (आपण ज्यांना हजरत युनूस म्हणतो ते) माशाच्या पोटात राहिले का, यहोशवासाठी सूर्य थांबला का, काइनला बायको कोठून मिळाली, असे प्रश्न सुरू झाले. निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच होते का, या प्रश्नाला ब्रायन यांनी उत्तर दिले की, तसे असलेच पाहिजे असे नाही; ते मोठे कालखंडही असतील. म्हणजे शब्दाचा अर्थ लावावा लागतो हे त्यांनीही मान्य केले. डॅरो यांचा सूर मात्र मला खटकतो. कोणाच्या श्रद्धेची टिंगल करून त्याला विज्ञान शिकवता येत नाही, हे वर्गावर उभा राहणारा प्रत्येकजण जाणतो.

ही साक्ष दुसऱ्या दिवशी कामकाजातून वगळण्यात आली. ज्यूरीने नऊ मिनिटांत स्कोप्स यांना दोषी ठरवले. दंड शंभर डॉलर. त्यानंतर पाचच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच वारले. १९२७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण एवढा दंड ज्यूरीने ठरवायचा असताना तो न्यायमूर्तींनी ठरवला होता. कायदा मात्र वैध ठरला.

खरे नुकसान झाले ते विद्यार्थ्यांचे. वाद नको म्हणून प्रकाशकांनी पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग हळूहळू कमी केला. कित्येक पुस्तकांतून तो शब्दही नाहीसा झाला आणि साठच्या दशकापर्यंत हीच स्थिती होती. म्हणजे दोन्ही बाजू समजून घेण्याची संधीच मुलांना मिळाली नाही.

टेनेसीचा कायदा १९६७ साली रद्द झाला. शेजारच्या आर्कान्सा राज्यातही १९२८ पासून असाच कायदा होता. तेथे सुझन एपरसन नावाच्या शिक्षिकेपुढे १९६५ साली जुनाच पेच उभा राहिला: शाळेने नेमलेल्या नव्या पुस्तकात उत्क्रांतीचे प्रकरण होते आणि ते शिकवणे गुन्हा होता. त्या स्वतः ख्रिस्ती धर्मावर श्रद्धा असलेल्या आणि वडील ख्रिस्ती महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी कोर्टात दाद मागितली आणि १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. स्कोप्स तेव्हा हयात होते. दोन वर्षांनी, १९७० साली, त्यांचे निधन झाले.