चेसिस नवी की गाडी जुनी

रेल्वे यायच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जात होता. १८५३ साली निजामानं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, पुढच्या पंधरा वर्षांच्या आत मुंबई-नागपूर रेल्वे अकोल्यावरून गेली आणि लमाणांच्या तांड्यांचा तो धंदा बसला. पण गाव ते अकोला हा तुकडा बैलगाडीकडंच राहिला. बार्शीटाकळीहून अकोला अठरा-वीस किलोमीटर. रात्री गाड्या जुंपायच्या आणि पहाटे जिनाच्या फाटकावर लागायचं.

स्वातंत्र्यानंतर खंडवा-हिंगोली छोटी लाइन झाली, आमच्या गावाला स्टेशन आलं. तिच्या मालाची अडचण अशी की, अकोल्यात तो उतरवून मोठ्या लाइनीच्या डब्यात भरावा लागे. म्हणजे हमाली दोनदा. ट्रकवाल्यांचं इथंच फावलं. तिचा आमच्याकडचा तुकडा २००८ साली मोठा झाला, तोवर माल रस्त्यावर गेलेला होता.

ट्रकचं वेड गावात शिरलं ते १९७२ च्या हंगामानंतर. सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, केंद्रावरून जिनाला कापूस, जिनातून १७० किलोच्या गाठी. या सगळ्याले ट्रक लागे. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात मध्यप्रदेशात नाहीतर आंध्रात जाई, तोही ट्रकनंच. ते कायद्यात बसत नव्हतं, पण होत होतं.

माझे धाकटे काका अकोल्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर होते. मी दहावीला होतो त्या साली त्यांनी घरात विषय काढला, "भाऊ, दुसऱ्याची गाडी किती दिवस हाकू? आपली घिऊ." मालक तोच ड्रायव्हर, असा त्यांचा बेत. मग महिनाभर घरात एकच वाद. नवी चेसिस घ्यायची, की चाललेली गाडी?

नवी घ्यायची तर कंपनी नुसती चेसिस देई. केबिन आणि बॉडी आपण बांधून घ्यायची, त्याचा पैसा वेगळा. १९६९ साली बँका सरकारी झाल्या होत्या, कर्ज मिळत होतं, पण सातबारा ठेवूनच. सावकारी फायनान्स घ्यावा तर कागदावर गाडी त्याची, दोन हप्ते चुकले की त्याची माणसं रस्त्यातच चावी काढून घेत. जुनीचं उलट. जुन्या गाडीवर बँक छदाम देत नसे, सगळे नगद मोजावे लागत. पण एकदा मोजले की कोणाच्या बापाचं देणं नाही.

आजी म्हणे, "बैल घेतानी काय पायतेत? दात. मंग याले दात कुठं असतेत ते पाय." काकांनी ते मनावर घेतलं. खामगावला एक जुनी टाटा मर्सिडीज होती, समोर चांदणी असलेली. टाटाचा जर्मन कंपनीशी करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला आणि चांदणी जाऊन टी आला, म्हणून चांदणी दिसली की गाडीचं वय कळे. काका खाली घुसून चेसिसला कुठं वेल्डिंगचा जोड आहे का ते पाहत. चालू इंजिनात तेलाचं झाकण काढून भकाभक धूर येतो का पाहत. कमानीचे पाटे मोजत. टॅक्सच्या पावत्या आणि चेसिस नंबर पुस्तकाशी जुळवत. आज त्यात एकच गोष्ट वाढली. फायनान्सवाल्याचं नाव उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म, आणि नावावर करायचे २९ व ३०. हे हातात आल्याबिगर बयाणा देऊ नये.

तीच गाडी घेतली. दोन हंगामांचा कापूस, एक बैलजोडी आणि आजीची पोत गेली, जमीन राहिली. पहिल्याच हंगामात, ऐन पुसात, क्राऊन तुटला. तीन आठवडे गाडी अकोल्यात मिस्त्रीकडं उभी होती आणि केंद्रावरचं भाडं दुसऱ्यानं मारलं. घरात चूल पेटे, पण बोलत कोणी नव्हतं. आषाढ-श्रावणात मात्र ती लिंबाखाली ताडपत्री घालून उभी राहिली, तर हप्ता मागायला कोणी आलं नाही. काका तेव्हा डवरणीला माणूस म्हणून घरी होते.

त्याच साली गावातल्या दुसऱ्या एकानं शेत गहाण टाकून नवी चेसिस घेतली. १९७५ पासून नॅशनल परमिट सुरू झालं होतं, ते त्यानं मिळवलं. तो कलकत्त्यापर्यंत जाई, भाडं घेऊन जाई आणि तिकडून भरून येई. त्याचं कर्ज चौथ्या वर्षी फिटलं. पण चार वर्षं तो पोळ्याले घरी दिसला नाही आणि वावर बटईनं गेलं. त्याला मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. माझं मत एवढंच की आमच्याकडं कापूस दसऱ्यापासून फार तर होळीपर्यंत गाडीला काम देतो, आणि हप्ता बाराही महिने येतो. घरचं भाडं मारणाऱ्याला नवी गाडी पेलत नाही. लांबच्या रस्त्याला जुनी पेलत नाही.

सरकारचा नियमही तसाच आहे. साधी गाडी बारा वर्षांची झाली की नॅशनल परमिट मिळत नाही, जास्त ॲक्सलची असली तर पंधरा. म्हणून मोठ्या रस्त्यावरून उतरलेल्या गाड्या आमच्यासारख्या गावात येतात आणि सरकी, ढेप, तूर वाहतात. आठ वर्षांनंतर पासिंगही दरवर्षी लागते.

आता पुतण्याचा नंबर आहे. जुन्या गाडीवरही पैसे मिळतात. १९७९ साली सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सनं जुन्या ट्रकवर कर्ज देणं हाच धंदा केला. व्याज नव्यापेक्षा जास्त, हे समजून घ्यावं. दुसरीकडं १ एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-६. डिझेलसंगं युरियाचं पाणी भरावं लागते, आणि सेन्सर रुसला की लॅपटॉप लावल्याबिगर गाडी बोलत नाही. आमचा मिस्त्री कानानं इंजिन ओळखतो, त्याचा इथं इलाज चालत नाही. पुतण्या म्हणतो, "काका, नव्या गाडीले ट्रान्सपोर्टवाले आधी भरतेत." तेही खरं आहे.

परवा तो अमरावतीला एक दहा चाकी पाहून आला. २०१६ ची आहे, टायर अर्धे उतरलेले. त्यानं सातबारा मागितला. म्या त्याले सांगितलं, विद्रुपेकाठचे चार एकर सोडून बाकीचं बोल.