गवताचे पैसे

परवा ऑफिसात जेवताना दुष्काळाचा विषय निघाला. माझा एक सहकारी साउथ डाकोटातल्या गुरं पाळणाऱ्या घरातला. तो सहज म्हणाला, "माझ्या पणजोबांनी १९३४ साली गायी सरकारला विकल्या. ज्यांच्यात उभं राहायची ताकद नव्हती, त्या तिथेच गोळ्या घालून मारल्या."

मला एकदम अण्णांची बैलजोडी आठवली. ७२ च्या दुष्काळात कडबा संपला तेव्हा ती बाजारात नेली आणि परत आल्यावर अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, हे आपल्या घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. घरी आल्यावर मग थोडं वाचन केलं.

१९३४ मध्ये इथल्या मैदानी राज्यांतली कुरणं पार करपली होती. जो तो गुरं विकायला काढत होता, त्यामुळे भाव कोसळलेले. अशा वेळी सरकारनेच गुरं विकत घ्यायला सुरुवात केली. एका मोठ्या गाईचे फार तर वीस डॉलर. १९३४-३५ मध्ये अशी ८० लाखांहून अधिक गुरं घेतली. खाण्यालायक जनावरांचं मांस गरिबांना वाटलं, बाकीची मारून पुरली. सुरुवातीला तर निम्म्याहून जास्त जनावरं पुरण्याच्याच लायकीची निघाली!

यातली एक गोष्ट मला फार आवडली. पैशाचे दोन भाग असत. एका भागावर कर्ज देणाऱ्या बँकेचा हक्क, पण दुसऱ्या लहानशा भागाला बँकेने हात लावायचा नाही, तो घरातच राहायचा. नियम करणाऱ्या कुणाला तरी सावकारी ठाऊक असावी.

पण हे पैसे गाय गेल्यावरचे. गाय वाचावी म्हणून गवताचे पैसे द्यायचे, अशी कायद्याने बांधलेली योजना २००८ साली आली. दुष्काळात चराई बुडाली की महिन्याच्या चाऱ्याच्या खर्चाच्या साधारण ६० टक्के रक्कम मिळते. दुष्काळ जितका कडक तितके जास्त महिने, जास्तीत जास्त पाच. आणि पंचनामा नाही! दर गुरुवारी देशाचा दुष्काळाचा नकाशा निघतो. त्यात तुमच्या काउंटीवर ठरलेला रंग चढला, की तुम्ही पात्र. तलाठ्याची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या लोकांना हे नवलच वाटेल. अर्थात रंगाची रेघ अलीकडेच थांबली तर पलीकडच्याला काही नाही.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा!) या योजनेची मुदत सप्टेंबर २०११ मध्ये संपली आणि २०१२ मध्ये कित्येक वर्षांतला मोठा दुष्काळ पडला. नवा कायदा व्हायला फेब्रुवारी २०१४ उजाडलं. त्यात योजना कायमची केली, मागच्या वर्षांचे पैसेही दिले. पण तोवर अनेकांनी गायी विकून टाकल्या होत्या. जानेवारी २०१४ ची गुरांची मोजणी १९५१ नंतरची सर्वांत कमी निघाली.

मागचे पैसे मिळाले म्हणून मागची गाय परत येत नाही. कालवड वाढवून तिला पहिलं वासरू व्हायला दोन वर्षं लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेला कळप तर बाजारात मिळतच नाही. मदत किती, याइतकंच ती कधी, हेही महत्त्वाचं. २०२५ च्या कायद्याने तीव्र दुष्काळासाठीची आठ आठवड्यांची अट चारवर आणली. हे शहाणपण यायलाही बराच काळ जावा लागला.

अण्णांना तेव्हा चार महिन्यांच्या कडब्याचे पैसे वेळेवर मिळाले असते तर? कदाचित तरीही जोडी विकावी लागली असती. पाणी तरी कुठे होतं?

असो. आत्या, तू हे वाचत असशील तर त्या बैलांची नावं काय होती, तेवढं कळव.