मर्जी आणि नाराजी

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. दरबार, किल्ले, बाजार यांतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण श्रोतेहो, मन हे काही राजाचे कार्यस्थान नव्हे! राजी, नाराजी, मर्जी हे तिन्ही एकाच अरबी धातूचे शब्द. ते मराठीत राहिले ते राहिलेच. दरबारात मर्जी धन्याची. ती खप्पा झाली की चाकराची भाकरी गेली. हीच मर्जी पुढे आमच्या माजघरात शिरली आणि तिथे सुना ती सांभाळू लागल्या. ‘प्रसन्नता’ शब्द आम्हांस ठाऊक होता. पण तो देवाकडे मागावयाचा. माणसाच्या लहरीचे भय सांगावयास मर्जीच हवी होती, असे आम्हांस वाटते.