बोगी

बोगी : रेल्वेच्या डब्यासाठी मराठीत रूढ असलेला इंग्रजी शब्द. मूळ अर्थ निराळा : डब्याखाली मधल्या खिळीवर फिरणारा, दोन किंवा अधिक आसांचा चाकगाडा. उत्तर इंग्लंडच्या बोलीत हा शब्द बुटक्या मालगाड्यासाठी होता. त्यापलीकडची व्युत्पत्ती अनिश्चित. चाकगाडा रुळांबरोबर वळत असल्याने लांब डबाही तीव्र वळण सहज घेतो. अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेसाठी (→ अरुंदमापी रेल्वे) अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी असेच डबे योजले आणि प्रत्येक आसावरचा भार ५ टनांवर मर्यादित ठेवला. हलक्या रुळांवर जड माल नेण्याची ही खरी किल्ली. १८९७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग येडशीवरून (→ धाराशिव जिल्हा) १९११ मध्ये लातूरला पोहोचला. बोलीत ‘बोगी’ म्हणजे अख्खा डबा. रेल्वे कारखान्यांत मूळ अर्थच चालतो.